करार संपला, भट्टी पेटती

बंतामा, कुमासी
शनिवार, ५ मार्च १९९४

तीर्थरूप बोआतेन मामांस,

दुफीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे आम्ही सगळ्या वरवर खुशाल आहोत. आत काय चाललंय ते पुढे लिहिते. तुमचा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन परत पुढे ढकललंत, असं बेक्वाईच्या गाडीचा ड्रायव्हर सांगत होता. भित्रे कुठले! पस्तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलीत, दरोडेखोर पाहिलेत आणि डॉक्टरच्या सुईला घाबरता. अदोमाको मास्तर हे वाचून दाखवत असतील तर त्यांना सांगा, जरा हळू वाचा. तुम्हाला कमी ऐकू येतं हे ठीक, पण मागच्या वेळी माझ्या पोटदुखीची हकीकत तुमच्या अख्ख्या गल्लीला कळली आणि कोणा कुठल्या बाईने मला आल्याचा काढा पाठवला.

आता मुख्य गोष्ट. आमचे घरमालक म्हातारे जाम्फी गेले त्याला वर्ष होत आलं. घर रीतीप्रमाणे त्यांच्या बहिणीच्या मुलाकडे आलं. तो फोकुओ. बारा वर्षं आबिदजानला होता, आता परत येऊन पुढच्या अंगणात मोटारीच्या सुट्ट्या भागांचं दुकान काढायचं म्हणतो. त्याने पेटीतून माझा करार शोधून काढला. तीन वर्षांची मुदत, ३१ मार्चला संपते. म्हणतो, कागद संपला की तुझा हक्क संपला, एक तारखेला मला अंगण रिकामं हवं. मामा, खोलीतलं सामान डोक्यावर नेता येईल, पण भट्टी कशी नेऊ? वारुळाची माती आणून मी आणि माझ्या नवऱ्याने महिनाभर पायांनी तुडवली, तेव्हा ती उभी राहिली. जाम्फींनी स्वतः जागा दाखवली होती. नवरा गेला, आता त्या भट्टीवर मी आणि पीठ मळणाऱ्या तीन बाया जगतो. ती फोडली तर आम्ही चौघी रस्त्यावर.

एवढं मात्र म्हणेन, माणसाला रीतभात आहे. गेल्या शनिवारी दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आला आणि जिनची बाटली देऊन गेला. जाम्फींची शेवटपर्यंत सेवा केलीस वगैरे बोलत होते. माझे पाव करपायला आले होते, मी भट्टीच्या तोंडाशी. हो हो, ठेवा तिकडे, आभारी आहे, म्हटलं. ती बाटली आपल्या चर्चमधल्या लग्नाच्या केकात गेली. केक असा झाला मामा, की पाद्रीबाबांनी तीनदा मागून घेतला.

मी काय करू ते लवकर कळवा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
दुफी

०

बेक्वाई
बुधवार, ९ मार्च

चि. दुफी हिस,

मामाचे अनेक आशीर्वाद. मी सांगतोय आणि मास्तर लिहितोय. हळू वाचलं तर मला ऐकू येत नाही, तेव्हा गल्लीने ऐकावं. फुकट शहाणी होईल.

पहिलं म्हणजे रडणं बंद कर. कराराची मुदत संपली म्हणजे भाडेकरू संपला असं होत नाही. मुदतीनंतर तू तिथेच राहतेस, ठरलेलं भाडं देतेस, तर जुन्याच अटींवर तू भाडेकरू आहेस. मालकाला जागा हवी असेल तर त्याने रीतसर नोटीस द्यावी, कोर्टात जावं, कारण पटवून द्यावं आणि न्यायाधीशाच्या हातून हुकूम आणावा. तोवर त्याने दाराला हात लावायचा नाही. तोवर त्याने दाराला हात लावायचा नाही. हे वाक्य मास्तरला दोनदा लिहायला सांगितलंय, लिहितो की नाही देव जाणे. भाडे-नियंत्रण कचेरीत जा, तक्रार नोंदव. कशावर सही करू नकोस, अंगठा देऊ नकोस आणि घर एक तासही रिकामं ठेवू नकोस.

आता दुसरं. अगं बये, बाटली घेतलीस? पन्नाशी आली तुझी, आपल्या माणसांत कोणी दोन वडीलधारे घेऊन चहापाण्याला येतं का? बाटली दिली तेव्हा ते नक्की काय म्हणाले? कोणी कोणी ऐकलं? शब्द न् शब्द विचारून घे आणि कळव. आपल्याकडे चार साक्षीदारांसमोर दारू स्वीकारली की बोललेला शब्द पक्का झाला, हे तुला मी सांगायचं! आणि वर केकात घातलीस म्हणून लिहितेस. तुझी आई असती तर तिने लाटण्याने तुझी पाठ मऊ केली असती.

पण घाबरू नकोस, मामा मेलेला नाही. काही उलटंसुलटं झालंच तर माझी रस्त्याकडची खोली तुझी. त्यात हा मास्तर आणि त्याची बायको पोकुआ राहतात. त्यांचाही दोन वर्षांचा करार ईस्टरच्या शनिवारी संपतो. संपला की त्याने जावं. मी हे सांगतोय आणि तोच लिहितोय, म्हणजे पत्रही झालं आणि त्याला नोटीसही झाली, एका दगडात दोन पक्षी. माणूस चांगला आहे, अक्षर मोत्यासारखं, असं सगळे म्हणतात. पण रक्ताचं माणूस ते रक्ताचं.

मामाचा धाक आणि जीव दोन्ही तुझ्यावर आहेत.

कोफी बोआतेन

०

बंतामा
सोमवार, १४ मार्च

तीर्थरूप मामांस,

दुफीचा साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र वाचलं आणि पीठ तसंच टाकून उठले. शेजारच्या खोलीतल्या एसुओन मावशींना विचारलं. त्या तेव्हा दारात मासे धुरावर सुकवत बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलेलं. मामा, ते आभार मानायला आलेच नव्हते. दोघांतले थोरले ओपोंग म्हणाले की, या बाईने आमच्या माणसाची सेवा केली, तर आता ती इथून जायच्या वेळी तिचा हिरमोड नको म्हणून आम्ही ही बाटली ठेवतो. कागद संपेल त्या दिवशी ती हसतमुखाने जाईल, तिने ही घ्यावी. आणि मी मूर्ख, पावाकडे बघत हो हो ठेवा म्हणाले. मावशींना वाटलं मला दुसरं घर मिळालं, म्हणून त्या दोन दिवस माझ्यावर रुसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं नाही याचा राग.

कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी तुम्ही लिहिलंत तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. फोकुओला समन्स काढलं, १२ एप्रिलची तारीख आहे. पण समन्स घ्यायला बोलावलं तेव्हा तो कचेरीत छाती काढून म्हणाला की हिने स्वतःहून जायचं कबूल केलंय, वडीलधाऱ्यांसमोर बाटली घेतली आहे. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, बाई, कोणी तुम्हाला काढत असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तुम्हीच जाते म्हणाला असाल तर मी काय करू? आधी तुमच्या माणसांत ते निस्तरून या.

निस्तरायचं कसं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बाटली परत करावी लागेल, त्याच माणसांसमोर, आणि ती मी परत केली तर कोणी हातात धरणार नाही. आईचा भाऊ हवा. मामा, या हो. गुडघ्याला शेक देऊन, पुढच्या सीटवर बसून या. मी केकात घातली त्या बाटलीच्या जागी दोन नव्या घेऊन ठेवल्या आहेत.

तुमच्या खोलीबद्दल लिहिलंत, त्याने धीर आला. रात्री दोन तास झोप लागली ती त्यामुळेच.

मास्तरांना नमस्कार. ते वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं होतं.

तुमची,
दुफी

०

बेक्वाई
सोमवार, २१ मार्च

चि. दुफी हिस, आशीर्वाद.

मी येईन. ईस्टर उलटला की मंगळवारी, ५ तारखेला येतो. त्याआधी जमत नाही, गुडघा फुगलाय आणि ईस्टरच्या प्रार्थनेला मला पहिल्या बाकावर बसावं लागतं. तोवर त्या फोकुओशी गोड बोल. त्याला मोठा आवाज करू दे, तू करू नकोस.

इकडची तयारी म्हणशील तर मी स्वस्थ बसलेलो नाही. मास्तर हू की चू करत नाही, पण हलतही नाही. ईस्टरनंतर शाळा चालू आहे, पोकुआला सातवा महिना आहे, खोली सापडत नाही, अशा सबबी. म्हणून परवा मी सुताराला बोलावून त्यांच्या खोलीचं दार काढून घेतलं. रंग द्यायचाय म्हणून सांगितलं. दार अंगणात उभं आहे, रंग काही अजून आणलेला नाही. आता दारावर पडदा लावून राहतात. आठ दिवसांत आपोआप समजेल त्यांना. तू सामान बांधायला लाग, वाईट काळ सांगून येत नाही.

तुझा काळजीवाहू मामा,
कोफी बोआतेन

याच पाकिटातली दुसरी चिठ्ठी

दुफीबाई यांस अदोमाकोचा स. न. वि. वि.

मामांनी सांगितलं तसं मी लिहिलं आहे, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ही चिठ्ठी माझी आहे, त्यांना वाचून दाखवलेली नाही, हा अपराध माफ करा. कुमासीत तुमची ओळख असेल म्हणून विचारतो, एखादी खोली मिळेल का? पोकुआचं बाळंतपण होईपर्यंत कुठेही चालेल. मी शाळेजवळ झोपेन. पडद्याला तिची हरकत नाही, पण रस्त्यावरून जाणारे आत बघतात, त्याने ती रडते.

मामांना काही लिहू नका. ते वाईट नाहीत. रोज संध्याकाळी पोकुआला केळी देतात, आणि ती घेत नाही म्हणून त्यांना राग येतो.

आपला,
अदोमाको

०

बंतामा
शुक्रवार, २५ मार्च

तीर्थरूप मामांस,

दुफीचा नमस्कार. आज साष्टांग घालत नाही, माझी पाठ ताठ झाली आहे. मास्तर, हे पत्र नेहमीसारखं ओसरीवर उभं राहून, पूर्ण आवाजात वाचा.

रविवारी मी चर्चमध्ये असताना फोकुओने भट्टीवरचे पत्रे काढले. दुरुस्तीसाठी, म्हणे. मामा, मातीची भट्टी, वर आकाश आणि दिवस पावसाचे! मंगळवारी आभाळ भरून आलं तेव्हा आम्ही चौघींनी पिठाची रिकामी पोती, एसुओन मावशींची ताडपत्री, माझी लग्नातली चादरसुद्धा तिच्यावर घातली आणि चारी कोपरे हातात धरून भिजत उभ्या राहिलो. एका बाजूची माती ओघळलीच. मी रात्रभर त्या फोकुओला शिव्या दिल्या. दुरुस्तीचं नाव सांगून पत्रे काढणारा माणूस कसला नीच असेल, त्याच्या आईने त्याला काय शिकवलं असेल, असं सगळं बोलले.

बुधवारी तुमचं पत्र आलं. रंगाचं नाव सांगून तुम्ही दार काढलंत.

आता मी माझ्या शिव्या कुठे ठेवू, सांगा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तोवर त्याने दाराला हात लावायचा नाही, हे तुम्हीच ना मला दोनदा लिहून पाठवलंत? मग तो कायदा बंतामाला लागतो आणि बेक्वाईला लागत नाही? मास्तरांचा करार ईस्टरच्या शनिवारी संपेल, माझा गुरुवारी. दोन दिवसांचा फरक आहे आमच्यात. आणि त्याच माणसाच्या हातून तुम्ही त्याला हाकलायचं पत्र लिहून घेता, वर एका दगडात दोन पक्षी म्हणून हसता. मला लाज वाटली मामा. तुमची वाटली आणि माझी जास्त, कारण त्या खोलीच्या भरवशावर मी दोन तास झोपले होते. खोलीत कोण राहतं हे तुम्ही लिहिलं होतं आणि तरी मी झोपले.

मला ती खोली नको. फोकुओने मला काढलंच तर मी भट्टीशेजारी रस्त्यावर बसेन, पण सात महिन्यांच्या पोटुशीला उठवून तिच्या जागी अंथरूण घालणार नाही. ज्याने पडदा लावलाय त्याच्या दाराला दार बसवा, मग बाटली घेऊन या. नाहीतर येऊच नका. ओपोंग म्हातारा शंभर प्रश्न विचारेल. उद्या त्याने विचारलं की बोआतेन, तुझ्या घरात काय चाललंय, तर काय सांगाल?

मी तुमच्या बहिणीची मुलगी आहे. मला तुमच्यावाचून कोणी नाही, हे मला माहीत आहे आणि तरी लिहिते आहे.

दुफी

०

बंतामा
गुरुवार, ३१ मार्च

तीर्थरूप मामांस सा. न.

सहा दिवस झाले. रोज दुपारी बेक्वाईच्या गाड्यांपाशी जाते. ड्रायव्हर मान हलवतो. तुमची प्रकृती ठीक आहे ना, एवढं तरी कळवा. त्याला विचारलं तर म्हणतो, म्हातारा ओसरीवर दिसला नाही.

आज करार संपला. सकाळी भाडं घेऊन फोकुओकडे गेले, त्याने घेतलं नाही. ते मी कचेरीत भरलं आणि पावती चोळीत ठेवली आहे. उद्या गुड फ्रायडे, तेव्हा हातोडा उचलायला त्यालाही लाज वाटते. मंगळवारी दुपारी चार गडी आणून भट्टी पाडणार, असं सगळ्यांसमोर बोलून गेला. ओपोंग म्हातारे मान खाली घालून बसले होते. तेही काय करतील, बाटली त्यांच्या हातून दिलेली.

मी रागात जास्त लिहिलं का? गल्लीसमोर तुमचा पाणउतारा झाला असेल. एसुओन मावशी म्हणतात, मी हात दाखवून अवलक्षण केलं. एका म्हाताऱ्याला दुखवून दुसऱ्या म्हाताऱ्यासमोर कशी उभी राहणार? मला खूप भीती वाटते आहे मामा. पण जे लिहिलं त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, तो परत कसा घेऊ?

ईस्टरचे पाव आज शेवटचे भाजले. एक तुमच्यासाठी पाठवते आहे, लोणी जास्त घातलेला. मास्तरांच्या घरी दुसरा.

तुमचीच,
दुफी

०

बंतामा
गुरुवार, ७ एप्रिल

तीर्थरूप बोआतेन मामांस,

दुफीचा शिरसाष्टांग नमस्कार, आज शंभर वेळा. सुखरूप पोचलात हे ड्रायव्हरकडून कळलं. परवा तुम्ही काठी टेकत अंगणात शिरलात तेव्हा फोकुओचे गडी हातोडे घेऊन उभेच होते आणि मी त्यांच्या आणि भट्टीच्या मध्ये. तुम्हाला पाहून मी रडले ते तुम्ही पाहिलं नसेल, दिसत नाही ते बरंच.

गडबडीत तुमच्याशी धड बोलणं झालं नाही. जाताना तुम्ही गाडीत म्हणत होतात की बोआतेनचं नाव अजून चालतं, मी नुसता बसलो आणि काम झालं. मामा, तुम्हाला काही ऐकू आलं नाही म्हणून लिहिते. काम कसं झालं ते तुम्हाला कळायला हवं आणि मास्तर आपणहून कधीच सांगणार नाहीत.

अशा बैठकीत मोठा माणूस स्वतः बोलत नाही, म्हणून तुमच्या वतीने बोलायला मास्तर उभे राहिले. त्यांनी रीतसर सांगितलं. बाई कामात होती, शब्द तिच्या कानापर्यंत पोचले नाहीत, न ऐकलेल्या शब्दाची बाटली आम्ही दुप्पट करून परत आणली आहे. ओपोंगनी हात पुढे केला होता, मामा. एवढ्यात फोकुओ उठला. त्याला गाड्यांवरच्या लोकांकडून सगळं कळलेलं. म्हणाला, थांबा, या म्हाताऱ्याने बेक्वाईला स्वतःच्या भाडेकरूचं दार काढलंय, त्याच्या बायकोला पोटुशी असताना उघड्यावर ठेवलंय, आणि मला कायदा शिकवायला आलाय! त्याच्या हातची बाटली घेणार का?

ओपोंगनी हात मागे घेतला. तुम्ही टोपी मांडीवर ठेवून हसत बसला होतात. मला वाटलं संपलं. गड्यांनी हातोडे परत उचलले. ओपोंगनी मास्तरांना विचारलं की हे खरं आहे का. मामा, त्या क्षणी मास्तरांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं, आणि माझी भट्टी तिथेच पडली असती. त्यांचं काय वाईट झालं असतं? काहीच नाही.

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले की हे खरं होतं. मग ओपोंगनी विचारलं, तू कोण, तुला कसं माहीत? तेव्हा मास्तर म्हणाले की मीच तो भाडेकरू. माझा करार शनिवारी संपला, मी अजून तिथेच राहतो, आणि आज सकाळी निघताना दार लावून आलो.

ओपोंग उठले आणि दोन्ही हातांनी बाटल्या घेतल्या. एकीतली धार भट्टीपाशी जमिनीवर सोडली, जाम्फींचं नाव घेतलं, आणि फोकुओला म्हणाले की जागा हवी असेल तर कोर्टात जा, सगळे जातात तसा. गडी हातोडे खांद्यावर टाकून गेले. तुम्ही तेव्हा मला खूण करून विचारलंत, काय म्हणाले? मी म्हटलं, झालं. तेव्हा एवढंच म्हटलं, म्हणून बाकीचं आता लिहिते आहे.

बारा तारखेला कचेरीत जायचं आहेच. फोकुओ नोटीस देईल, कोर्टात जाईल, कदाचित पुढच्या वर्षी जिंकेलही. जिंकू दे. तोवर मी भाडेकरू आहे. पत्रे त्याने काल स्वतः आणून टाकले, बसवले मात्र आम्ही.

मामा, दार कधी बसवलंत, माझं पत्र ऐकल्यावर किती दिवस धुसफुसलात, हे मी विचारणार नाही. तुम्ही बसवलंत, तेवढं पुरे. तुमच्यावर मी कधी केली नव्हती इतकी माया करते आहे.

आपली लाडकी,
दुफी